औषधाचा ड्रम

पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, आणि त्याच आठवड्यात खालच्या वस्तीतले सहा जण ओकत ओकत दवाखान्यात आले. तेव्हापासून मिस्त्रीचं डोकं चालेनासं झालं.

मिस्त्री म्हणजे पंपमिस्त्री. आसपासच्या तीसेक बागांमधल्या मोटरी आणि पाइपलाइनी त्याच्या हाताखालून गेलेल्या. नुसता आवाज ऐकून मोटरच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचा. माणसांशी बोलायचं म्हटलं की मात्र त्याची दातखीळ बसायची. त्याची बायको सरकारी दवाखान्यात नर्स. लहानथोर सगळे तिला सिस्टर म्हणायचे, त्यामुळे चहाच्या टपरीवरच्या टवाळांनी त्याचं नाव 'सिस्टरचे मिस्टर' ठेवलं होतं. तोही हसून घ्यायचा. बायको चारचौघांत बोलायची, आपण नटबोल्टांवर पाने फिरवायचे, असा त्यांचा संसार बावीस वर्षं सुरळीत चालला होता.

खालच्या वस्तीला पाणी यायचं ते मिस्त्रीच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, बागेतल्या बोअरचं. वडिलांनी हयातीतच ते पाणी वस्तीला देऊन टाकलं होतं. बोअर एक, पाइप दोन. सकाळी दोन तास पाणी वस्तीच्या टाकीत चढायचं, आणि मग उरलेला दिवस दादाच्या कागदी लिंबांना. वीस वर्षांत यावरून कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"सहाच्या सहा एकाच दिवशी," बायको त्या संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाली. "घाम, चक्कर, ओकाऱ्या. एकाच्या तोंडातून लाळ थांबत नव्हती. हे अन्नातलं नाही हो. अन्नातलं मी ओळखते."

"पण रिपोर्ट तर चांगला आला ना?"

"तेच म्हणतेय मी."

म्हणजे ती नेमकं काय म्हणतेय, हे मिस्त्रीला कळलं नाही. त्याने हात धुतले, ग्लासभर पाणी घेतलं, आणि तोंडाशी नेलेला ग्लास तसाच खाली ठेवला. मग आपल्यालाच लाज वाटली म्हणून पिऊन टाकला.

दवाखान्यातली पंचाईत शब्दापासूनच सुरू व्हायची. बागेत मारायचं ते औषध, आणि पोटात घ्यायचं तेही औषधच. सिस्टर विचारायची, "सकाळपासून काही औषध घेतलंत का?" आणि खाटेवरचा माणूस सांगायचा, "घेतलं ना, दोन पंप." मग ते पाठीवर घेतलं की पोटात, हे उलगडेपर्यंत पाच मिनिटं जायची. शिवाय डॉक्टरही दोन. एक दवाखान्यातले, आठवड्यातून दोनदा येणारे. दुसरा चौकातला औषधांचा दुकानदार, ज्याला सगळे 'झाडांचा डॉक्टर' म्हणायचे. पानावरचा डाग बघून तो बाटली काढून द्यायचा. दवाखान्यातले डॉक्टर येत नसत त्या दिवशी लोक त्यालाच डोकेदुखीवरही काहीतरी विचारायचे, आणि तो बिचारा सांगायचाही. माणूस वाईट नव्हता.

पण सिस्टरने एक वही ठेवली होती. कोण कधी आलं, काय होत होतं, पाणी कुठलं प्यायलं. महिनाभराने तिने ती वही मिस्त्रीपुढे ठेवली.

"हे बघा. एका दिवशी सहा. मग अकरा दिवस कुणी नाही. मग एकदम नऊ. मग परत काही नाही. पाणी खराब असतं तर रोज थोडे थोडे आले असते. चांगलं असतं तर कुणीच आलं नसतं."

"मग?"

"मग काय ते तुम्ही सांगा. पाइप तुमचे."

मिस्त्रीने वही उलटसुलट करून पाहिली. त्याला त्यात फक्त बायकोचं सुंदर अक्षर दिसलं.

तिने शंका आधी दादाला घरी जाऊनच बोलून दाखवली. जावेच्या हातचा चहा घेतला आणि सरळ विचारलं, "भाऊजी, ठिबकमधून झाडांच्या मुळांना जे औषध सोडता, ते बोअरच्या खोलीतच मिसळता ना?"

दादा मोठा तालेवार बागायतदार होता असं नाही, पण हाताखाली चाळीस माणसं होती आणि वडिलांच्या दानाचा अभिमान होता. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "माझ्या बापाने दिलेलं पाणी मी नासवीन? मी?" तो उठला, सगळ्यांना घेऊन बोअरच्या खोलीपाशी गेला, नळ सोडला आणि एकापाठोपाठ दोन ग्लास गटागटा प्यायला. बघायला पॅकिंगच्या शेडमधल्या बायकाही जमल्या होत्या. दादाला काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी वस्तीतले पाच जण आडवे झाले.

त्या दिवशी सिस्टरने काचेची बाटली स्वतः उकळून घेतली, वस्तीतल्या नळाला लावून भरली आणि दवाखान्याच्या गाडीतून तपासणीला पाठवली. हा रिपोर्ट वाईट आला. इतका वाईट की तपासणाऱ्याने खाली पेनाने लिहिलं होतं, 'पुन्हा नमुना पाठवावा'.

झाडांचा डॉक्टर म्हणाला, "बाटली कसली होती? माझ्याच दुकानातली रिकामी असणार."

वस्तीचे दोन तट पडले. ज्यांच्या घरी कुणी आजारी पडलं होतं ते एका बाजूला. ज्यांची रोजी बागांवर होती ते दुसऱ्या बाजूला. पंचाईत अशी की पुष्कळ माणसं दोन्हीकडे मोडत होती. पॅकिंगच्या शेडमधली एक बाई सकाळी पोरीला सलाइन लावून यायची आणि दुपारी दादाच्या बाजूने भांडायची. तिला कुणी हटकलं तर म्हणायची, "मला काय कळतं त्यातलं? पोरगी माझी आहे आणि काम पण माझंच आहे."

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. मोठी माणसं पहिलीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. तावातावाने बोलायला कुणी उठलं की बाकही त्याच्याबरोबर उठायचा. मिस्त्री मागे दाराला टेकून उभा होता. पुढे एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला दादा.

"मिस्त्रीला विचारा," कुणीतरी म्हणालं. "सगळी लाइन त्याने टाकलीय. बोल रे, औषध टाकीत जाऊ शकतं का?"

शंभरेक डोकी मागे वळली. मिस्त्री दारापासून एक पाऊल पुढे आला. "औषधाची लाइन पुढे जाते," तो म्हणाला. "टाकीची लाइन आधीच फुटते. म्हणजे औषध टाकीत जाऊ शकत नाही."

"ऐकलं?" झाडांचा डॉक्टर म्हणाला.

"पण रिपोर्ट..." मिस्त्री पुढे म्हणाला, "तोही खोटा नसणार. बाटली मी उकळताना पाहिलीय."

"मग खरं काय?"

"दोन्ही."

हॉलमध्ये हशा पिकला. 'सिस्टरचे मिस्टर' असं कुणीतरी मागून म्हणालं. दादा हसला नाही, आणि बायकोही नाही. घरी जाताना ती दहा पावलं पुढे चालत होती.

त्यानंतर कुणीतरी दादाच्या ठिबकच्या नळ्या कोयत्याने तोडल्या, चार ओळी. वहिनी मिस्त्रीच्या दारात येऊन रडली. "भाऊजी, जाऊबाईंना सांगा हो. माणसं आम्हाला विषारी म्हणायला लागलीत." मिस्त्रीने नळ्या जोडून दिल्या. दवाखान्याच्या भिंतीवरही कुणीतरी सिस्टरबद्दल घाणेरडं लिहिलं, तेही त्यानेच घासून काढलं. एकाच दिवशी दोन्ही कामं केली. कोणत्या बाजूचा म्हणून कुणी आपल्याकडे बघतंय का, हे पाहायला तो दोन्ही वेळा मागे वळला.

मग पोस्टमनकाका गेले.

काका मिस्त्रीच्या शेजारचे; त्या ओळीतल्या घरांनाही वस्तीच्याच टाकीचं पाणी. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती तरी कुणाचं पत्र चुकीच्या घरात पडलं की त्यांना राहवायचं नाही, स्वतः नेऊन द्यायचे. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, तिथेच घामाघूम झाले, दोनदा ओकले, आणि गाडी येईपर्यंत संपले. त्याच दिवशी वस्तीतले आणखी तिघे आजारी पडले, पण ते उठले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. काकांचं हृदय खरोखरच अधू होतं, गोळ्या चालू होत्या.

"डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या," सिस्टर डॉक्टरांना म्हणाली. "फवारणीचं औषध अंगात गेलं की तसं होतं. मी स्वतः पाहिलं."

"त्यांना काचबिंदू होता," डॉक्टर हळूच म्हणाले. "त्यासाठी डोळ्यांत घालायच्या थेंबांनीही बाहुली बारीक होते, सिस्टर."

तिने घरी येऊन हे मिस्त्रीला सांगितलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "मलाच आता काही कळेनासं झालंय." तिला असं बोलताना ऐकून मिस्त्री हबकला. घरात गोंधळून जायचं खातं त्याच्याकडे होतं. तिनेही तिकडेच बदली मागितली तर घर चालायचं कसं?

पुढच्या मंगळवारी दादाने त्याला बोअरच्या खोलीत बोलावलं. मोटर जास्त करंट घेत होती. खोली म्हणजे दहा बाय आठची पत्र्याची शेड. मधोमध बोअरचं तोंड, त्यातून वर आलेला लोखंडी पाइप, भिंतीला स्टार्टरची पेटी, आणि कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा ड्रम. ड्रममध्ये पाण्यात कालवलेलं औषध. त्यातून बोटभर जाडीची नळी निघून पाइपला जोडलेली. मोटर चालू असली की पाइपातलं पाणी ड्रममधलं औषध ओढून घ्यायचं आणि झाडांपर्यंत न्यायचं. दादा ड्रम भरून, नळीचा कॉक उघडून बागेच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला होता. मिस्त्री करंट मोजत होता, तेवढ्यात लाइट गेली.

मोटरचा आवाज थांबला. शेडमध्ये एकदम शांत झालं. मिस्त्रीने मीटर खिशात घातला आणि उंबऱ्यावर बसला. तेवढ्यात गुळगुळ गुळगुळ असा आवाज त्याच्या कानावर आला, कुणीतरी चूळ भरत असावं तसा. त्याने मागे पाहिलं.

ड्रम रिकामा होत होता.

मोटर बंद, आणि ड्रम रिकामा होतोय. मिस्त्रीने डोळे चोळले. फुटला असेल म्हणून खाली वाकून पाहिलं, तर फरशी कोरडी. नळी पाहिली, तर ती थरथरत होती. औषध नळीतून चाललं होतं खरं, पण कुठे? मोटर बंद असताना झाडांकडे जाणार कसं? त्याने पाइपला कान लावला. आवाज खाली जात होता. बोअरमध्ये.

मोटर थांबली की उभ्या पाइपातलं पाणी आपल्या वजनाने खाली पडतं आणि जाताना मागचं ओढतं. असं होऊ नये म्हणून तर पाइपात झडप बसवायची असते. ती पाणी वर जाऊ देते, मागे येऊ देत नाही. हे मिस्त्रीला झोपेतही सांगता आलं असतं. त्याचा हात आपोआप पाइपावरून वर सरकत झडपेच्या जागी गेला.

झडप नव्हती. तिथे सरळ पाइपाचा दीड हात लांब तुकडा होता. दोन्ही टोकांना आटे पाडून, वर दोरा गुंडाळून पक्का बसवलेला. दोरा उलटा गुंडाळलेला होता. त्या भागात उलटा दोरा गुंडाळणारा डावखुरा मिस्त्री एकच होता.

त्याने आधी कॉक बंद केला. मग कितीतरी वेळ त्या तुकड्याकडे बघत बसला. आठवायला वेळ लागला. तीन वर्षांमागचा उन्हाळा. झडप अडकत होती, टोकाच्या झाडांना पाणी पोचत नव्हतं, दादा घायकुतीला आला होता. 'काढून टाक ती आत्ता, नवी नंतर बसवू.' की आपणच म्हणालो होतो, 'काढून टाकतो, मोटरच्या आत एक असतेच'? आतली असते खरी, पण ती तीन वर्षांत झिजली नसेल कशावरून? दादा म्हणाला होता की आपण, हे त्याला तेव्हाही नक्की आठवेना आणि पुढे कधीच आठवलं नाही.

दादा आला तेव्हा त्याने सगळं सांगितलं. लाइट गेली आणि लगेच परत आली तर ते औषध पुन्हा झाडांनाच जातं. पण लाइट आलीच नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू होते ती वस्तीच्या टाकीसाठी. म्हणून एकदम सहा, मग अकरा दिवस कुणी नाही.

दादाचा चेहरा राखेसारखा झाला. "तूच म्हणाला होतास चालेल म्हणून."

"म्हणालो असेन."

"असेन काय?"

"मला आठवत नाही रे दादा."

दादाने ड्रममध्ये डोकावून पाहिलं. मग दादा म्हणाला, "आत्ताच्या आत्ता नवी बसव. टाकीतलं पाणी मी काहीतरी सांगून सोडून देतो. आणि कुणाला बोलू नकोस. आता नीट झालं ना? झालं तर मग."

मिस्त्रीने दुपारपर्यंत नवी झडप बसवली. लाइट आल्यावर संध्याकाळपर्यंत दादाने बोअर उपसून काढला. घरी येऊन मिस्त्री जेवला, आणि बायकोने "काय झालं मोटरला?" विचारल्यावर "करंट जास्त घेत होती" म्हणाला. ते खोटं नव्हतं. सकाळी सांगू, असं त्याने ठरवलं. सकाळी ती घाईत होती.

त्याच दिवशी, बुधवारी, सिस्टरने तपासणीची तिसरी बाटली भरली. या वेळी झाडांच्या डॉक्टरच्या देखत, दोन साक्षीदार घेऊन, लाखेचं सील लावून. रिपोर्ट आठ दिवसांत आला. पाणी स्वच्छ. अगदी नितळ.

चौकात रिपोर्टाच्या प्रती वाटल्या गेल्या. आरोग्य खात्याच्या साहेबांनी सिस्टरला बोलावून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही लोकांत घबराट पसरवली, पुढच्या सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर दिलगिरी व्यक्त करा, नाहीतर बदली. ती घरी आली, कागद पुढ्यात घेऊन बसली आणि दिलगिरी लिहायला लागली. दोन ओळी लिहायची, खोडायची.

"अहो, 'गैरसमज' लिहू की 'चूक'?" तिने विचारलं.

मिस्त्री समोर उभा होता. "काहीच लिहू नकोस," तो म्हणाला, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. ड्रम, गुळगुळ, उलटा दोरा, सगळं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "नवी कधी बसवलीत?"

"मंगळवारी."

"मी बाटली बुधवारी भरली."

"हो."

"म्हणजे मंगळवारी घरी आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो, पण दादा म्हणाला... मला वाटलं, आता नीट झालंच आहे तर..."

"बागेतूनच एक शब्द कळवला असतात, तर झडप बसवायच्या आधी मी बाटली भरली असती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता माझ्याकडे काय आहे? चांगल्या पाण्याची बाटली. आणि काका."

ती उठून आतल्या खोलीत गेली. मिस्त्रीला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही. उलट आता तीन माणसांचं वाईट केलं होतं की चार, हेच तो मोजत राहिला.

सोमवारी हॉलमध्ये बायकोच्या आधी तोच पुढे गेला. झडपेचं सगळं सांगितलं. वस्तीची माणसं चिडली, कारण त्यांना वाटलं तो भावाचा दोष आपल्या अंगावर घेतोय. बागेची माणसं चिडली, कारण त्यांना वाटलं तो बायकोची बदली वाचवतोय. आपण खरं बोललो आणि सगळ्यांनी एकमताने ते खोटं ठरवलं, हे काही मिस्त्रीच्या डोक्यात शिरेना.

"दाखवतो," तो शेवटी म्हणाला. "उद्या सगळे बोअरवर या."

दुसऱ्या दिवशी त्याने टाकीची लाइन बंद केली, झडप काढून जुना तुकडा परत चढवला, ड्रम साध्या पाण्याने भरला आणि त्यात कपड्यांना घालायची नीळ ओतली. मोटर चालवली, मग सगळ्यांसमोर बंद केली. गुळगुळ आवाज झाला, निळं पाणी झरझर खाली गेलं. बायकांनी 'अगंबाई' म्हणून तोंडाला पदर लावला. मग त्याने मोटर पुन्हा सुरू केली आणि नळ सोडला.

पाणी पांढरंशुभ्र आलं.

एक मिनिट गेलं, दोन गेली. लोक हसायला लागले. मिस्त्री नळाकडे बघतच राहिला. असं कसं होईल? कानाने ऐकलं, डोळ्याने पाहिलं, आणि तरी? हे बघायला आलेल्या आरोग्य खात्याच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. चौथ्या मिनिटाला पुढे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "निळं दिसतंय."

"आभाळ दिसतंय त्यात तुम्हाला, आजी," झाडांचा डॉक्टर म्हणाला.

निम्मे म्हणाले निळं, निम्मे म्हणाले पांढरं. शाळेच्या बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि भरलेल्या ग्लासच्या मागे धरला. सगळे वाकून बघायला लागले. फिकट होतं, पण निळं होतं. पुढच्या ग्लासात आणखी निळं.

दादा गर्दीतून पुढे आला. सगळ्यांना वाटलं काहीतरी बोलेल. त्याने फक्त मोटर बंद केली आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली साहेबांच्या हातात दिली.

त्यानंतर पुष्कळ गोष्टी झाल्या. वस्तीसाठी शाळेच्या मागे वेगळं बोअर घेतलं, तोवर टँकर आले. सिस्टरची बदली रद्द झाली, पण तिला कुणी 'आमचं चुकलं' म्हणालं नाही. साहेबांनी तर तो विषय कधी निघालाच नव्हता असा चेहरा केला. दादाला दंड झाला. तो मिस्त्रीशी बोलतो, पण वाक्यं मोजून. साहेबांच्या हुकमावरून मिस्त्रीने तीसच्या तीस बागांमधल्या बोअरच्या खोल्या तपासल्या. अकरा ठिकाणी झडप नव्हती. त्यातल्या चार त्यानेच काढल्या होत्या, बाकीच्या कुणी काढल्या ते कुणालाच आठवत नव्हतं. एकदम नऊ-नऊ माणसं येणं थांबलं. तुरळक डोकेदुखी, अंगावर चट्टे, हे मात्र चालूच राहिलं. ते कशाने, ते फवारणीच्या वाऱ्याने की आणखी कशाने, यावर सिस्टरची दुसरी वही सुरू झाली. मिस्त्रीशी ती नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी ती वही त्याच्या पुढ्यात टाकून म्हणाली, "लाइट कधी कधी गेली, ते इकडे लिहीत जा." त्याने मान डोलावली.

एका दुपारी शेजारच्या काकूंनी हाक मारली. पोस्टमनकाकांच्या मागे त्या एकट्याच राहत होत्या. मिस्त्रीला वाटलं नळ गळत असेल, म्हणून पाना घेऊनच गेला. काकूंनी त्याला काकांच्या खुर्चीवर बसवलं.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "हे पाण्याने गेले का?"

मिस्त्रीने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "काकू, मला माहीत नाही."

"डॉक्टर म्हणतात हृदय. तुझी बायको म्हणते औषध. दुकानदार परवा येऊन शपथ घेऊन गेला, म्हणाला काका माझ्या वडिलांसारखे. तू सांग. झडप तू काढलीस ना?"

"काढली. पण ते... आदल्या दिवशी लाइट गेली होती, हे नक्की. दुपारी गेली ती रात्रीच आली. म्हणजे सकाळी टाकीत चढलेलं पाणी वाईट होतं. पण काका ते प्यायले का?"

काकू विचारात पडल्या. "आमचं पिंप होतं ना. आदल्या दिवशीचं अर्धं भरलेलं होतं."

"मग त्यातलंच प्यायले असतील."

"उठल्यावर एक ग्लास त्यातलाच. ते नक्की, मीच दिला. मग चहा." त्या थांबल्या. "चहाचं पाणी मी नळाचं घेतलं का?"

"नळ किती वाजता आला होता त्या दिवशी?"

"सातला येतो."

"चहा कधी झाला?"

"ते फिरून आल्यावर. म्हणजे सात... नाही, त्या दिवशी ते लवकर आले होते. कुणाचं तरी पत्र द्यायचं राहिलं म्हणून परत गेले. थांब." काकूंनी डोळे मिटून घेतले. "परत आले तेव्हा मी पिंप भरत होते. म्हणजे नळ आला होता. का मी भांडी घासत होते?"

मिस्त्री पाना मांडीवर ठेवून पुढे सरकला. "भांडी बाहेरच्या नळाला घासता की आतल्या?"

"बाहेरच्या," काकू म्हणाल्या, आणि दोघं पुन्हा पहिल्या ग्लासापासून आठवायला लागली.